पाच लेकरांची शिशी

मंगळवार होता. मुक्ता नऊ महिन्यांची झाली होती. मी आणि सुमन तिला घेऊन गावातल्या लसीकरणाला गेलो. गोवराच्या लशीसाठी आमच्यासह तीन लेकरं आली होती. नर्सबाई म्हणाल्या, "पाच झाल्याशिवाय शिशी फोडत नाही. पुढच्या महिन्यात या." आम्ही घरी आलो. अठराव्या दिवशी मुक्ताला ताप आला. मग गोवर उठला. मग छाती भरली. पुढच्या महिन्यातला मंगळवार आला तेव्हा ती नव्हती.

मी जाफराबादला एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करतो. माणसांशी बोलण्यापेक्षा कपाटाशी बोलणं मला सोपं जातं. त्या मंगळवारी एका लेकरासाठी शिशी का फोडता येत नाही, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो. सुमनने माझ्याकडे पाहिलं, आणि तीही चालू लागली.

हे फाल्गुनातलं. मार्गशीर्षात शोभाचं पत्र आलं. शोभा माझी मेहुणी, सुमनची धाकटी बहीण. घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीपासून दोन कोसांवरच्या एका गावात ती नर्स आहे. पत्रात लिहिलं होतं की लशीची पेटी उचलणारा माणूस पाय मोडून घरी बसला आहे, नदीकाठी मेंढक्यांचे वाडे उतरले आहेत, आणि वरच्या अंगाला एका गावात गोवर निघाला आहे. "दाजी, चार दिवस या. पेटी धरायला भरवशाचा माणूस पाहिजे." सुमनने पत्र दोनदा वाचलं आणि माझी पिशवी भरायला घेतली. जा म्हणाली नाही, जाऊ नका म्हणाली नाही.

आमच्या तालुक्यातले लोक कपाशीच्या, नाहीतर सोयरिकीच्या कामाशिवाय गोदाकाठाला फारसे जात नाहीत. म्हणून पाहिलं ते सांगतो.

पहिला दिवस

आमच्या जाफराबादकडची जमीन उंचसखल आणि दगडी. घनसावंगीच्या पुढे काळी माती सुरू होते ती नदीपर्यंत तशीच जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये वेचणीला आलेली कपाशी. जीपमध्ये आम्ही सतरा जण होतो आणि एक पितळी घंगाळ होतं. उतरलो तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. पुढचे चार दिवस मी सुतळीने बांधलेल्या चपलेवर चाललो.

शोभाची खोली म्हणजे एक पलंग, एक स्टोव्ह आणि भिंतीवर लेकरांच्या नावांचे कागद. रात्रीच्या जेवणाला तिने येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी केली. आमच्याकडे येसर पाहुणे आले की करतात, इकडे रोजच्या जेवणात असतो. ती सुमनबद्दल विचारत राहिली. मुक्ताबद्दल तिने काही विचारलं नाही.

सकाळी पाचला मोठ्या दवाखान्यातून पेटी आली. निळी, दुधाच्या कॅनीएवढी, आत चारी बाजूंना बर्फाच्या थैल्या आणि मध्ये औषधाच्या शिशा. शोभाने मला एकच गोष्ट सांगितली.

"झाकण माझ्याबिगर कुणी उघडायचं न्हाई. तुम्ही बी न्हाई. बर्फ गेला की लस मेली. वरून काही दिसत न्हाई, पाण्यावानीच दिसती. मंग आपण पाणीच टोचून राह्यलो, असं समजा."

चालताना पेटीत पाणी डचमळायचं. प्रत्येक डचमळीला मला वाटायचं, आता काहीतरी गेलं. ऊन वाढलं तसा मी पेटी छातीशी धरून तिच्यावर माझं उपरणं टाकलं.

शोभा हसली. "दाजी, नवरी चालली न्हाई सासरी. कडी धरा अन् चला."

पहिल्या गावात शाळेच्या ओट्यावर आम्ही बसलो. शोभाने स्टोव्हवर काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया उकळायला ठेवल्या. आया आल्या. कुणाला पोलिओचे थेंब, कुणाला मांडीत टोचणं. लेकरं रडत होती, आणि ते रडणं ऐकून मला बरं वाटत होतं. रडणारं लेकरू श्वास घेत असतं.

शेवटी दोघीजणी उरल्या, कडेवर नऊ-दहा महिन्यांची पोरं. शोभाने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "गोवराची पाच लेकरं झाल्याबिगर शिशी फोडता येत न्हाई, बाई. पुढच्या महिन्यात आणा."

बायका "बरं" म्हणाल्या आणि निघाल्या.

माझे हात पेटीच्या कडीवर होते. ते तिथून निघेनात. मी याही वेळी काही बोललो नाही.

गावाबाहेर आल्यावर मी थांबलो. म्हणालो, "शोभा, तू पण."

तिला लगेच कळलं. ती बांधावर बसली.

"दाजी, तुम्हाला वाटतं मला समजत न्हाई? शिशीत पाच डोस असतात. एकदा पावडरीत पाणी घातलं की चार तासांत संपवायची, न्हाईतर फेकायची. उरलेली ठेवली अन् दुसऱ्या दिवशी टोचली तं लेकरू मरतं. मागल्या महिन्यात मी दोघांसाठी फोडली. तीन डोस वाया गेले. मिटिंगमध्ये मला उभं केलं. चाळीस माणसांसमोर. बाई, लस काय तुमच्या बापाची हाय का, असं विचारलं."

"मग?"

"मंग काय? तवापासून पाच मोजते."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पाच म्हणताना दर वेळी मला मुक्ता दिसती. तरी म्हणते."

आम्ही उठलो आणि परत आलो.

दुसरा दिवस

गोवराचं गाव कुठे सुरू होतं, हे नाकाला कळतं. आम्ही दुपारी बाराच्या सुमारास पोहोचलो. ही जेवणाची वेळ. कोणत्याही गावात या वेळी गल्लीत शिरलं की फोडणीचा वास येतो, मिरचीने ठसका लागतो. इथे काही नव्हतं. घरात गोवर असला की बाई, म्हणजे देवी, आली म्हणतात; तिला त्रास होतो म्हणून फोडणी घालत नाहीत. आमच्याकडेही ही रीत आहे, पण एका घरापुरती. इथे गल्लीच्या गल्ली बिनवासाची होती. मुक्ता आजारी असताना आमच्या घरातही नऊ दिवस तेल तापलं नव्हतं.

दारादारांना कडुलिंबाचे डहाळे. सुरुवातीला मी ते मोजले. मग मोजणं सोडून दिलं.

एका दारात म्हातारी बसली होती. शोभा म्हणाली, "आजी, लेकरू बघू द्या. औषध देते, टोचत न्हाई."

"तिथंच थांब. घरात बाई आलीय."

"आजी, छाती भरली का त्याची? श्वास जल्दी जल्दी घेतंय का?"

"घेतंय तं घेतंय. बाई आपल्या पायानं आली, आपल्या पायानं जाईल. तू चपला घालून उभी राह्यलीस, ते आधी काढ."

शोभाने चपला काढल्या. मीही सुतळी सोडली. तापलेल्या मातीत अनवाणी उभं राहून तिने म्हातारीला समजावलं: लेकराला दूध तोडू नका, पाणी द्या, फासळ्या आत जायला लागल्या तर त्याच दिवशी गाडी करा. म्हातारी ऐकत होती की नाही, कळलं नाही. आतून खोकला ऐकू आला. कोरडा, एकामागून एक, मध्ये श्वासाला जागा नसलेला. मी पेटी घेऊन दहा पावलं मागे आलो.

त्या दिवशी एका घराने आम्हाला आत घेतलं. बाकी दारांतून आम्ही फक्त बोललो. संध्याकाळी एका माणसाने जाता जाता सांगितलं, "गावाच्या खालच्या अंगाला मेंढरं बसली होती आठ दिवस. परवा उठून नदीकडं गेली." शेतकरी आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात आणि मेंढक्यांना धान्य देतात. कळपाबरोबर बाया असतात, लेकरं असतात.

शोभाने माझ्याकडे पाहिलं. "उद्या तिकडंच जाऊ."

त्या रात्री मला झोप लागली नाही. गोवर आमच्यापुढे चालतो आहे, आणि त्याला पेटी उचलायची नाही, बर्फ सांभाळायचा नाही.

तिसरा दिवस, नदीकाठ

मेंढक्यांचा वाडा म्हणजे घर नव्हे. रानात जाळीचं कुंपण घालून त्यात मेंढरं कोंडतात, शेजारी घोंगड्यांचे दोन-तीन आडोसे करतात, त्याला वाडा म्हणतात. सगळा संसार दोन घोड्यांवर मावतो. कोंबड्यासुद्धा घोड्यावर बसून प्रवास करतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आधी कुत्री धावून आली. मग एक आवाज आला आणि कुत्री बसली. आवाज लिंबाजीबाबांचा. सत्तरीच्या आसपासचे, उंच, डोक्याला तांबडं मुंडासं.

"या बाई, या. अन् हे मास्तर का? बसा मास्तर. वारं सुटलं तं उडून जाल तुम्ही. माझं कोकरू जड हाय तुमच्यापरीस."

त्यांच्या सुनेने, कौशीने, चहा दिला. मेंढीच्या दुधाचा, दाट, जिभेवर साय बसावी असा, थोडा वासाचा. दुसऱ्या घोटापासून तो वास आवडायला लागतो. कौशीच्या मांडीवर तिची मुलगी होती. नऊ महिने पुरे होऊन आठवडा झालेला. डोक्याला कुंची, हातात भाकरीचा तुकडा, आणि तो तुकडा ती पुन्हा पुन्हा माझ्या गुडघ्यावर घासत होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"आमी उद्या सकाळी उठून राह्यलो," लिंबाजीबाबा म्हणाले. "नदी उतरून पलीकडं. मंग उन्हाळ्यापर्यंत इकडं येणं न्हाई."

शोभाने लशीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेंढरांना देवी निघू नये म्हणून टोचतात, तसंच का हे?"

"बराबर तसंच."

"मंग बिलकुल टोचा. पर आमी मेंढरं टोचतो तं सगळी टोचतो. एकीला टोचून कळप राहत न्हाई. किती लेकरं पाहिजेत?"

"पाच झाली की शिशी फोडते," शोभा म्हणाली. सवयीने म्हणाली.

"एवढंच? खालच्या अंगाला आणखी दोन वाडे हायेत. आणतो."

म्हातारा घोडीवर बसून गेला. आम्ही वाट पाहिली. शोभाने एकदा झाकण उघडून बर्फावर हात ठेवला. दोन थैल्यांचं पाणी झालं होतं. सूर्य डोक्यावर आला. पलीकडच्या काठावर कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा आवाज उशिरा येत होता.

दीड तासाने ते आले. मागे चालत तीन बाया, तिघींच्या कडेवर लेकरं. घोडीवर बाबांच्या पुढ्यात दोनेक वर्षांची एक पोर.

"घ्या, ही तीन, आमची एक, अन् ही ठकू. झाली का पाच?"

बाया घोंगडीवर बसल्या. ठकूला कौशीने मांडीवर घेतलं, आपल्या मुलीशेजारी. ठकूला नुकतीच आंघोळ घातलेली, डोळ्यांत काजळ, कपाळाला तीट. काजळ गालांवर ओघळलं होतं. तिने उन्हाकडे पाठ केली आणि कौशीच्या पदरात तोंड खुपसलं. मग ती खोकली.

तो खोकला मला माहीत होता. पुरळ उठायच्या आधीचे तीन दिवस आमच्या घरात तो होता. डोळे तसेच, उजेड न सोसणारे. मी तेव्हा पडदा लावून मुक्ताला गोष्ट सांगत बसलो होतो आणि सर्दी आहे असं समजत होतो.

मी कौशीच्या मांडीवरून ठकूला उचललं. अंग तव्यासारखं होतं. "शोभा," मी म्हणालो, "हिला गोवर आहे."

शोभाने तिचं तोंड उघडून गालाच्या आत पाहिलं. तिथे गोवराचे पांढरे ठिपके होते. तिने होकाराची मान हलवली.

लिंबाजीबाबा म्हणाले, "सकाळी ताप व्हता. तिची माय म्हणली, नेऊ नका. मीच म्हणलो, एक कमी पडतंय, न्हेतो, आंघोळ घाल. पाच पाहिजे व्हते ना बाईला."

शोभाचा चेहरा मी आजही सांगू शकणार नाही.

मग बाबा बायांकडे वळले. "उठा. रोग शिरलेल्या कळपाला टोचत न्हाईत. एकदा टोचली व्हती मी. वीस मेंढरं गेली चार दिवसांत. उठा म्हणतो ना."

तिघी उठल्या. लेकरं उचलून चालायला लागल्या. शोभा त्यांच्या मागे गेली. "बाबा, लेकराचं मेंढरावानी न्हाई. आज गोवर शिवला असंल तं आजच टोचलेलं चांगलं. तीन दिवसांच्या आत टोचलं तं लेकरू वाचू शकतं."

"शकतं. वाचतंच, असं म्हणा."

शोभाला ते म्हणता येईना.

कौशी बसून होती. तिची मुलगी अजून तुकडा घासत होती, आता रिकाम्या घोंगडीवर. घोंगडीवर एकच लेकरू उरलं होतं. शोभा परत आली, पेटीजवळ बसली. तिचा हात झाकणावर होता आणि झाकण उघडत नव्हतं. ती मिटिंग तिच्या डोळ्यांसमोर असणार. किंवा म्हाताऱ्याची वीस मेंढरं. उद्या या पोरीला काही झालं तर तो सुईनेच झालं म्हणणार, आणि कुणाला वेगळं सिद्ध करता येणार नव्हतं. मलाही तीच भीती होती. माझ्या शब्दावर हे लेकरू गेलं तर?

मी कौशीसमोर बसलो. म्हणालो, "बाई, मला मुलगी होती. एवढीच. तिच्यासाठी शिशी फोडली नाही, कारण पाच लेकरं नव्हती. तिला गोवर झाला. ती गेली. टोचल्यावर तुमची मुलगी वाचेलच, असं मी सांगू शकत नाही. न टोचता काय होतं, ते मी पाहिलं आहे."

एवढं सलग मी त्या वर्षात कुणाशी बोललो नव्हतो. सुमनशीही नाही.

कौशीने सासऱ्याकडे पाहिलं. "मामंजी, मी टोचून राह्यले."

"तुझा नवरा असता तं?"

"तो मेंढरामागं हाय. लेकरू माझ्याजवळ हाय."

बाबा तोंड फिरवून नदीकडे पाहत उभे राहिले. नाही म्हणाले नाहीत.

मी शोभाला म्हणालो, "फोड."

तिने शिशी काढली, वरचं टोक मोडलं, पाणी घातलं, हलवली. पिचकारी भरली. मुलीचा दंड कौशीने धरला. सुई गेली. एक क्षण मुलगी आश्चर्याने पाहत राहिली आणि मग नदीच्या पलीकडे ऐकू जाईल अशी रडली.

शिशीत चार डोस उरले. शोभाने घड्याळ पाहिलं. मी खालच्या वाड्यांपर्यंत पळत गेलो. त्या तिघींना विनवलं. कुत्र्यांनी माझं धोतर फाडलं. एकीने ऐकलं आणि ती माझ्याबरोबर आली. दोघी आल्या नाहीत. म्हाताऱ्याचा शब्द माझ्या शब्दापेक्षा जुना होता. चार तास झाल्यावर शोभाने खड्डा केला आणि उरलेले तीन डोस त्यात ओतले.

संध्याकाळी ठकूला आणि तिच्या आईला घेऊन आम्ही जीपने घनसावंगीला आणि रात्री तिथून जालन्याला गेलो. ठकू माझ्या मांडीवर होती. मी तिचे श्वास मोजत होतो. परतूरची एक बाई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "पहिली पोर का तुमची?" मी हो म्हणालो.

नंतर

चौथा दिवस मी जालन्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर काढला. पाचव्या दिवशी ठकू पेज प्यायली, तेव्हा मी जाफराबादची बस धरली. वाडा तोपर्यंत नदी उतरून गेला होता. कौशीच्या मुलीचं काय झालं, हे कळायला मार्ग नव्हता. पंधरा दिवस मी रोज हिशेब करायचो: आज ताप आला असेल, आज पुरळ उठलं असेल. सुमन विचारायची, "काय झालं?" एका संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. त्या पहिल्या मंगळवारी मी "बरं" म्हणालो होतो, तेही. ती म्हणाली, "मी पण मनात 'बरं'च म्हणले होते." मग आम्ही दोघं रडलो. आधी एकत्र रडलो नव्हतो.

शोभाला पुन्हा मिटिंगमध्ये उभं केलं. या वेळी तिने ठकूचं सांगितलं: पाच मोजायच्या नादात आजारी पोर चांगल्या लेकरांत कशी बसली, ते सांगितलं. साहेब म्हणाले, बसा. एवढंच. त्यानंतर तिला कुणी विचारलं नाही आणि आता ती एका लेकरासाठीही शिशी फोडते.

उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो. वाडा परतीच्या वाटेवर त्याच काठाला उतरला होता. कौशीची मुलगी घोंगडीला धरून उभी राहत होती. तिला गोवर निघालाच नाही. माझ्याबरोबर आलेल्या बाईचं लेकरूही चांगलं होतं.

लिंबाजीबाबा मला काठावर घेऊन गेले.

"त्या दोघी उठून गेल्त्या ना मास्तर," ते म्हणाले, "त्यातलं एक न्हाई राह्यलं. पलीकडं पुरलं आमी त्याला. मीच उठवलं व्हतं तिला."

आम्ही दोघं पाण्याकडे पाहत उभे राहिलो. मग ते म्हणाले, "औंदा नवी चार लेकरं हायेत वाड्यांत. बाईला सांगा, दिवाळीला येतो. सगळी टोचून घेतो."

हे लिहायला मला वर्ष लागलं. शोभा त्याच गावात आहे. ठकू एका कानाने कमी ऐकते. आमच्या घरात मी आणि सुमन, दोघंच आहोत.